पंधरा हजार बाकी

संपादक दोस्ताने कविता मागितली होती. कविता नाही. हिशोब पाठवतोय. छापायचा असेल तर छाप, पण कापाकापी करू नको.

दोस्तहो, मी थकबाकीदार आहे. बँकेचा नाही, सावकाराचा नाही. माझ्या मायच्या बचत गटाचा. रक्कम रुपये १५,०००. वहीत थकबाकीदार म्हणून नाव मायचं लिहिलेलं आहे, पण देणं माझं आहे. पैसे कशासाठी घेतले ते पुढं सांगतो. लाज वाटते म्हणूनच सांगतो.

मागं तालुक्याला आपलं शिबिर झालं. एक शिकलेला पोरगा बोलायला उभा राहिला. चांगला बोलतो. म्हणाला, बचत गट म्हणजे चळवळीवर ओतलेलं पाणी आहे. ज्या बाया मोर्चात पुढं असायच्या त्यांना सरकारनं पापड लाटायला बसवलं. महिन्याला शंभर रुपये टाकून जात जात नसते. टाळ्या पडल्या. मीही वाजवली.

रात्री घरी आलो तर माय बल्बखाली वही घेऊन बसलेली. अकरा बायांचा हिशोब. कुठंतरी दहा रुपये जुळत नव्हते. चुलीवर कालवण करपलं होतं. मी म्हणलं, दहा रुपयासाठी कशाला जीव काढतीस?

माय म्हणाली, "माझे असते तर सोडले असते लेका. ते बायांचे हैत."

आता मला सांगा, आपल्या कोणत्या मंडळात, कोणत्या पक्षात दहा रुपये जुळत नाहीत म्हणून कुणी रात्र जागवली आहे? जमाखर्चाची वही वस्तीत उभं राहून वाचून दाखवलेली तुम्ही कधी ऐकली? आपल्याकडं गट म्हणलं की फूट आठवते. अमुक गट, तमुक गट. प्रत्येकाचा एक अध्यक्ष अन् एक लेटरहेड. बायांनी त्याच शब्दाला जोडायला लावलं. अन् आपण त्यांना हसतो.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. सातबारा कुणाकडंच नाही. ज्यांनी गायरानात तुकडा कसलाय त्यांच्याकडं दंडाच्या पावत्या आहेत. दिवाळी झाली की वस्ती रिकामी. सहा महिने ऊसतोडीला, कारखान्याच्या कोप्यांत. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. म्हणजे पैसे आधी खाल्ले, आता अंग मोडून फेड. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, खाड्याला दंड. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याचाच. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गेली. शहरातल्या लोकांना धक्का बसला. आमच्या वस्तीत कुणाला बसला नाही. खाडा काय असतो हे इथं सगळ्यांना माहीत होतं.

या वस्तीत २००८ साली गट निघाला. अकरा बाया, महिन्याला पन्नास रुपये. महिन्याचे ५५०, वर्षाचे ६,६००. नाव रमाईचं दिलं. बाप हसला. मीही हसलो. मी तेव्हा कॉलेजात होतो, पिशवीत पँथरचा १९७३ चा जाहीरनामा घेऊन फिरायचो. पन्नास रुपयांत काय होतं?

काय झालं ते ऐका. पहिल्याच हंगामात गट मोडणार होता. कारण बँकेला पाच गोष्टी लागतात. बैठक नेमानं, बचत नेमानं, आपसात कर्ज, त्याची परतफेड अन् हिशोब. सहा महिने उसात राहणारी बाई बैठक कुठं घेणार, याचा विचार कुणी केलेला नव्हता. मग बायांनीच केला. वही पेटीत घालून सोबत नेली. पहाटे चारला फडात, रात्री गाडी भरून झाली की कोपीत बैठक. उसाचे वाढे विकून जे सुटे पैसे हातात यायचे त्यातले पन्नास बाजूला. लिहायला कोण? सातवीतली एक पोरगी, आईबापाबरोबर शाळा सोडून आलेली. शाळा सुटलेल्या पोरीनं ती वही लिहिली, अन् त्या वहीत बघून माझ्या मायनं सही शिकली. त्याआधी ती अंगठा होती.

पुढं एका बाईचं बाळंतपण निघालं. आधी अशा वेळी मुकादमाकडं धावायचं, दोन हजार घ्यायचे, ते उचलीत चढायचे. या वेळी दोन हजार गटातून गेले. मुकादम वस्तीत येऊन विचारून गेला, पैसे कुणी दिले? त्याला पहिल्यांदा कळलं की या वस्तीत त्याच्याशिवाय दुसरं दार उघडलंय.

शेजारच्या काकूनं २०१० ला सहा हजार घेऊन दोन उस्मानाबादी शेळ्या आणल्या. एका वेताला दोन पिलं. चार वर्षांत दावणीला अकरा शेळ्या झाल्या. २०१४ ला काकू अन् काका कोयत्यावरून उतरले. पोरं गावातच शाळेत राहिली. अकरा घरांपैकी चार घरं अशी उतरली. ही क्रांती नसेल, दोस्तहो. पण एका मुकादमाचे चार कोयते कमी झाले. आमच्या दहा वर्षांच्या भाषणांनी एकही झाला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, हा बचत गटाची जाहिरात करायला लागला. नाही. सरकारी पोस्टरवर हिरवं लुगडं नेसून हसणारी जी बाई छापतात, ती आमच्या वस्तीतली नाही. पोस्टर काढणाऱ्यांना एक प्रश्न विचारतो. पापडाला जात असते का?

असते. आमच्या बायांना प्रशिक्षण दिलं ते पापड, लोणचं, मसाल्याचं. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढला. पापड चांगले झाले. विकायला गेल्या तेव्हा गावातल्या बायांनी हातात घेऊन बघितले, छान झालेत म्हणाल्या, अन् परत ठेवले. पैसे नाहीत म्हणाल्या. त्याच दुपारी दुकानातून पाकीट आणलं. शाळेतल्या खिचडीचं काम एकदा आमच्या गटाला मिळालं. आठवड्यात पोरं घरून डबे आणायला लागली. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसते डबे आले. महिन्यानं काम वरच्या आळीच्या गटाकडं गेलं. कागदावर कारण होतं, चव.

शेळीला मात्र कुणी जात विचारत नाही. बाजारात व्यापारी दात बघतो, वजन बघतो. दूधही डेअरीच्या कॅनमध्ये ओतलं की कुणाच्या दावणीचं ते कळत नाही. म्हणजे आमच्या बाईनं काय करावं हे पोस्टरवाल्यांना कळत नाही, जातीला कळतं. काय खपेल अन् काय परत येईल हे बाजार ठरवत नाही, वेस ठरवते. ज्या अधिकाऱ्यांना हे दिसत नाही त्यांनी आम्हाला उद्योजक म्हणू नये.

तर असा हा गट. अर्धा सरकारनं दिलेला, अर्धा बायांनी कमावलेला. तो आम्ही कसा खाल्ला ते आता सांगतो.

एप्रिल २०१९. लोकसभेची निवडणूक. पुढाऱ्यानं जयंतीला वीस हजार कबूल केले होते. आचारसंहिता लागली म्हणून त्यानं हात वर केले. डॉल्बीवाला आगाऊ पैसे मागत होता. शेजारच्या गावची मिरवणूक आपल्यापेक्षा मोठी होणार, हे आम्हाला सहन होईना. मी मायकडं गेलो. म्हणलं, गटाचे पंधरा हजार दे. महिन्यात वर्गणी जमली की परत. माय म्हणाली, गट सभासद बाईलाच कर्ज देतो, मंडळाला नाही. मी म्हणलं, मग तुझ्या नावावर घे. बाबासाहेबापेक्षा तुझी वही मोठी झाली का?

हे वाक्य मी बोललो. मायनं सही केली. जी सही तिनं उसाच्या कोपीत शिकली होती, ती.

गटाची बाकी रक्कम कर्जात फिरत होती. शिल्लक होते एकतीस हजार. ते सोळा झाले. डॉल्बी चार तास वाजली. वर्गणी जमली ती मंडपवाल्याला गेली. आम्ही पैसे परत दिले नाहीत. मंडळाच्या बैठकीत विषय दोनदा निघाला, दोनदा पुढं ढकलला. मग निघायचाच थांबला.

जूनमध्ये काकांचं ऑपरेशन निघालं. काकूनं गटाकडं वीस हजार मागितले. नव्हते. गटाची दीड लाखाच्या कर्जाची फाईल बँकेत होती. साहेबानं वही बघितली, थकबाकी दिसली, फाईल परत केली. तो चुकला असं मी म्हणत नाही. वहीनं खरं तेच सांगितलं होतं. काकूनं शेळ्या विकल्या, तरी कमी पडले. मग मोटारसायकलवरून येणाऱ्या कंपनीच्या पोराकडून तीस हजार घेतले. चोवीस हप्ते, दर महिन्याला १,५७०. हिशोब करा. ३७,६८० होतात. पाच बायांनी एकमेकींची हमी घ्यायची. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या चौघींना उठू द्यायचं नाही.

मार्च २०२० ला टाळेबंदी आली. आठवडी बाजार बंद, शेळी विकायची सोय नाही, मजुरी नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टपर्यंत हप्ते लांबवायची मुभा दिली, पण व्याज थांबलं नव्हतं. फोन सुरू राहिले. सहा वर्षं कोयता हातात न घेतलेल्या काकूनं २०२० च्या दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतली, कंपनीचे हप्ते फेडले, अन् ट्रॅक्टरमध्ये बसली. धाकटी पोरगी सोबत गेली. आठवीत होती.

आमच्या चार तासांच्या डॉल्बीनं एक घर परत कोयत्यावर नेलं. बामणानं नाही, पाटलानं नाही. आम्ही. निळा गमछा गळ्यात घालून.

शिबिरातला तो हुशार पोरगा विचारेल, गटही शेकडा दोन रुपये व्याज घेतो. वर्षाचे चोवीस टक्के झाले. कंपनीही तेवीस-चोवीस घेते. मग फरक काय? चांगला प्रश्न आहे, उत्तर वहीतच आहे. गटाचं व्याज कुठं जातं? गटातच. काकूनं भरलेलं व्याज वर्षाअखेरी अकरा बायांच्या नावावर चढतं, त्यात काकूचंही नाव असतं. कंपनीचं व्याज मोटारसायकलवर बसून तालुक्याला जातं, तिथून मुंबईला, ते परत येत नाही. अन् गटात काकू उभी राहून म्हणू शकते, या महिन्यात जमत नाही बायांनो. बाया ठराव करतात, हप्ता पुढं जातो. कंपनीपुढं ती कुणाला म्हणणार? मोटारसायकलवरचा पोरगाही आपल्यासारखाच बेकार, त्यालाही रोजचा आकडा भरायचा असतो.

नाबार्डनं १९९२ साली पाचशे गट बँकांना जोडून बघायचं ठरवलं, तेव्हा बँकांना शोध लागला की गरीब बाई कर्ज बुडवत नाही. मोठ्यांची लाखो कोटींची कर्जं याच बँकांनी पुढं वहीतून काढून टाकली. आमच्या बाईच्या दारात मात्र हप्त्यासाठी माणूस बसतो. बचत गटानं बायांना गोलात बसायला, सही करायला, वेळेवर पैसे द्यायला शिकवलं. कंपन्यांना आयतं शेत नांगरून मिळालं. आंध्रात काय झालं ते आठवा. बायांनी आत्महत्या केल्या तेव्हा ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. म्हणून म्हणतो, गट मोडला की त्या जागी क्रांती येत नाही. कंपनी येते.

हुशार पोराचं एक म्हणणं मी मान्य करतो. मंत्र्याच्या सभेला गटाच्या बाया गाड्या भरून नेतात. हळदीकुंकवाला नेतात, आपल्यातल्या विधवेला मागं उभं करतात. अन् नुसत्या शंभर रुपयांनी जात जात नाही, हे तर खरंच. पण मग शंभर रुपये अन् जात यांच्या मधलं काम कुणाचं होतं? ते आपलं होतं. आपण ते सोडलं अन् बायांना नावं ठेवली.

ज्या माणसाचा फोटो आपण मिरवणुकीत पुढं ठेवतो, त्यानं रुपयाच्या प्रश्नावर लंडनला प्रबंध लिहिला. १९२३ साली त्याचं पुस्तक निघालं. १९१८ साली त्यानं शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिलं. १९३७ साली खोती मोडायचं विधेयक मांडलं. १९४२ च्या जुलैत नागपूरला हजारो बायांची परिषद त्याच्यापुढं बसली होती. पैसा, जमीन अन् बाई. हे तिन्ही त्याच्याकडं एका जागी होते. आपण बाई मिरवणुकीत नाचायला ठेवली, पैसा डॉल्बीला दिला, अन् जमीन विसरलो.

जमीन म्हणजे काय ते दादासाहेब गायकवाडांना माहीत होतं. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लेकरं काखेला मारून बाया तुरुंगात गेल्या. आज गटाच्या बैठकीत बसणारी बाई त्यांचीच नात आहे. तिला मोर्चा नवा नाही. तिच्या हातात फक्त आता वहीसुद्धा आहे.

लांब नाही, लातूर-बिदरच्या पलीकडं तेलंगणात जहीराबादचा भाग आहे. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे संघम आहेत. १९८३ पासूनचं काम. सभासद बहुतेक दलित बाया. त्या नुसती बचत करून थांबल्या नाहीत. पडीक जमीन कसायला घेतली, ठोक्यानं जमीन घेतली, ज्वारी-बाजरी पेरली, बियाणं स्वतःच्या घरात जपलं. २०१९ ला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार त्यांना मिळाला. पुरस्काराचं मला कौतुक नाही. कौतुक याचं आहे की स्वतःच्या शेतातली ज्वारी घरात असलेल्या बाईला कुणाचा डबा परत आला तरी उपाशी झोपावं लागत नाही.

म्हणून, दोस्तहो, भाषण पुरे. कामं सांगतो.

एक. जयंतीचा, वाचनालयाचा, पुतळ्याचा, कशाचाही पैसा गटातून घ्यायचा नाही. मायच्या, बायकोच्या, बहिणीच्या नावावरही नाही. जो मागेल त्याला वस्तीत उभं करून नाव विचारायचं.

दोन. मंडळाची वही ठेवायची अन् पौर्णिमेला विहारात मोठ्यानं वाचायची. लिहिता येत नसेल तर मायकडून शिकायचं.

तीन. शिकलेल्या पोरांनी गटाच्या बँकेच्या कामाला जायचं. तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी कर्ज गटाला मिळू शकतं, हे साहेब आपणहून सांगत नाही. बाई एकटी गेली तर दुपारी या म्हणतो. चारजण उभे राहिले तर सकाळी भेटतो.

चार. कंपनीची कर्जं कुणाकुणावर आहेत ते लिहून काढायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानं घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता येत नाहीत. सकाळी नऊच्या आत अन् संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. हा नियम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विहाराच्या भिंतीला लावायचा. मोटारसायकलवाल्या पोराला मारायचं नाही. तो वाचायला द्यायचा.

पाच, अन् हे खरं. जमीन. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानातली आपली अतिक्रमणं नावावर करायचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. ज्यांच्याकडं तेव्हाच्या दंडाच्या पावत्या आहेत त्यांची पेटी उघडा, पावत्या जपा, फाईल करा. दादासाहेबांच्या नावानं सबळीकरण योजना २००४ पासून आहे, २०१८ पासून शंभर टक्के अनुदान झालं. भूमिहीन, दारिद्र्यरेषेखालच्या आपल्या घराला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. विधवा अन् परित्यक्ता बाईला आधी. अडचण ही की सरकारी भावात आपल्याला जमीन विकायला कुणी तयार होत नाही. मग शोधा. गावोगाव फिरून विकणारा शोधायचं काम अकरा बायांचं नाही, आपलं आहे. तोवर गटानं ठोक्यानं दोन एकर घ्यावी. नांगर आपण धरू.

आता माझी बाकी.

मी मायला नऊ हजार परत दिलेत, हजार-हजार करून. गटातल्या बाया म्हणाल्या, पोराचं व्याज माफ करायचा ठराव करू. माय सचिव आहे. तिनं ठराव लिहायला नकार दिला. म्हणाली, "माझ्या पोराला माफ अन् तुमच्याला नाही, असं ह्या वहीत बसत न्हाई."

मुद्दल सहा हजार राहिलंय, व्याज वेगळं. मी मायला एकच मागितलं. वहीत तुझं नाव खोडून माझं घाल. तर म्हणाली, खाडाखोड चालत नाही. खाली नवी ओळ लिहिली. कर्ज कुणी वापरलं, कशासाठी वापरलं. माझं नाव, अन् पुढं "डॉल्बी". बैठकीत वाचून दाखवलं. काकू समोर बसली होती, हंगामाहून नुकतीच आलेली. ती काही बोलली नाही.

ती बोलली नाही हे फिटायचं आहे. सहा हजार फिटतील.

तोवर मी स्टेजवर चढणार नाही. तुमच्या वस्तीतल्या वहीत तुमच्या मायच्या नावावर काय आहे, ते आज रात्री बघा. मग जय भीम म्हणा.

जय भीम.